धावणाऱ्याची नाडी

मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्याला पेडर रोडचा चढ दोनदा भेटतो. एकदा जाताना, जेव्हा अंधार पुरता सरलेला नसतो आणि अंगात अनेक महिन्यांच्या सरावाची सारी शिल्लक असते. आणि दुसऱ्यांदा परतताना, छत्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास, जेव्हा ऊन वर आलेले असते आणि हाजीअलीकडून मान उचलून पाहिले की तोच रस्ता एखाद्या घाटासारखा उभा ठाकलेला दिसतो. माझ्या पहिल्या मॅरेथॉनमध्ये पहिल्या खेपेस हा चढ केव्हा सरला हे मला कळलेही नाही, आणि दुसऱ्या खेपेस मी तो चालत, मधून मधून दुभाजकाला हात टेकीत चढलो. सरावात मी कसूर केली नव्हती, पायांत दुखापत नव्हती, पाणीही वेळोवेळी घेतले होते. पहिल्या वीस किलोमीटरांत शरीराने जे खर्च केले, त्याची नोंद मात्र मी कोठेच ठेवली नव्हती.

हा खर्च कशाचा, हे आधी पाहिले पाहिजे. मनुष्याच्या देहात इंधनाची दोन कोठारे असतात. एक साखरेचे, स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने ती साठलेली असते, आणि तिचा साठा चारपाचशे ग्रॅमचा, म्हणजे सुमारे 2000 कॅलरींचा. दुसरे चरबीचे, ते सडपातळ माणसाच्या ठायीही इतके मोठे असते की एका शर्यतीत ते रिते होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. साठ किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर धावण्यास अदमासे साठ कॅलरी लागतात, म्हणजे 42.195 किलोमीटरांना अडीच हजारांच्या घरात. आणि एवढ्यावरूनच उघड होते की केवळ साखरेच्या भरवशावर ही मजल गाठता येणार नाही. परंतु चरबीचे ज्वलन मंद असते आणि त्याला प्राणवायू मुबलक लागतो, म्हणून धावणाऱ्याने वेग वाढवला की शरीर चरबीचे कोठार मिटून घेते आणि साखरेच्या लहान कोठारावर हात टाकते. तिसाव्या ते पस्तिसाव्या किलोमीटरदरम्यान पाय एकाएकी दगडासारखे जड होतात, डोके सुन्न होते, आणि ज्याला धावणारे ‘वॉल’ म्हणतात ती भिंत समोर येते. ती बहुधा पहिल्या दहा किलोमीटरांतल्या उधळपट्टीची वसुली असते.

आता प्रश्न असा की ही उधळपट्टी चालू असताना ती कळावी कशी? वेगावरून ती कळत नाही, कारण किलोमीटरला सहा मिनिटे हा वेग पहाटेच्या गारव्यात सपाट रस्त्यावर एका भावात मिळतो, आणि तोच वेग उन्हात, चढावर, अपुऱ्या झोपेनंतर दुप्पट भावाने विकत घ्यावा लागतो. वेग हा मिळालेला माल आहे. त्याची किंमत नाडीत लिहिलेली असते. स्नायूंनी जेवढा प्राणवायू मागितला तेवढे रक्त हृदयाला पाठवावे लागते, आणि ती मागणी वाढली की ठोके वाढतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवते. दर ठोक्याला सत्तर मिलिलिटर धरले तर त्यासाठी बहात्तर ठोके लागतात. वर्षानुवर्षे धावलेल्या माणसाचे हृदय एकेका ठोक्यात शंभर मिलिलिटर लोटते, आणि तेच काम पन्नास ठोक्यांत उरकते. सरावाचा सारा अर्थ या एका भागाकारात सामावला आहे, असे मला वाटते.

नाडीवर बोट ठेवून देहाची स्थिती ओळखण्याची विद्या आपल्या वैद्यांना जुनी आहे. तिने धावपटूच्या सरावाला शिस्त लावावी, हा विचार मात्र विसाव्या शतकाचा. 1930 च्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे वोल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हे हृदयरोगतज्ज्ञ यांनी एकत्र येऊन ठरवले की धावपटूला थोडे अंतर असे पळवावे की नाडी 180 पर्यंत चढेल, आणि ती 120 वर उतरल्याखेरीज त्याला पुन्हा सोडू नये. विश्रांतीची मुदत घड्याळाने नव्हे, नाडीने ठरवायची, हे त्यातले खरे नावीन्य होते. त्यांच्या तालमीतल्या रुडोल्फ हार्बिगने 1939 साली मिलान येथे 800 मीटर अंतर 1 मिनिट 46.6 सेकंदांत कापले आणि तो विक्रम दीड दशकाहून अधिक काळ अबाधित राहिला. पुढे त्याच देशात डॉक्टर एर्न्स्ट फान आकेन यांनी नेमकी उलट बाजू मांडली. त्यांचे म्हणणे असे की नाडी 130 च्या आसपास राहील इतके संथ, पण लांब धावा. हे दोन पक्ष परस्परांचे वैरी मानले गेले, तथापि पाहणाऱ्याला दिसते की दोघांनी निवाडा एकाच साक्षीदारावर सोपवला होता.

येथे एका मराठी मुलखातल्या माणसाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतली मुले पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले, आणि त्यांच्या खटपटीने 1920 साली जो लहानसा भारतीय संघ अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, 42.75 किलोमीटरांची होती, आणि चौगुल्यांनी ती 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. तेथे त्यांच्यापाशी नाडी मोजण्याचे साधन नव्हते, आणि शर्यत जिंकणाऱ्या फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेनपाशीही नव्हते. श्वास किती फुलला आणि तोंड किती कोरडे पडले, यावरून त्यांनी आपला खर्च जोखला असला पाहिजे. आणि हे जोखणे आजही टाकाऊ ठरलेले नाही.

धावत्या माणसाची नाडी मोजण्याचे पुढचे मोठे कार्य त्याच फिनलंडमध्ये झाले. 1957 साली मार्टी कार्व्होनेन यांनी दाखवून दिले की केवळ कमाल ठोक्यांची टक्केवारी काढून भागत नाही, विश्रांतीतली नाडी वजा जाऊन जी जागा उरते तिचा हिशेब करावा. पंचेचाळीस वर्षांच्या दोन माणसांची कमाल नाडी 175 धरू. एकाची पहाटेची नाडी 50, दुसऱ्याची 75. साठ टक्के श्रम करायचे तर उरलेल्या जागेचे साठ टक्के विश्रांतीच्या नाडीत मिळवावेत, म्हणजे पहिल्याची नाडी 125 वर जावी आणि दुसऱ्याची 135 वर; दोघांना एकच आकडा सांगणारा प्रशिक्षक दोघांपैकी एकावर अन्याय करतो. त्यानंतर वीस वर्षांनी, 1977 मध्ये, सेप्पो सायनायाकांगास यांनी उत्तर फिनलंडमध्ये पोलार ही कंपनी काढली आणि 1982 साली तिने छातीच्या पट्ट्यातून मनगटावर ठोके पाठवणारे बिनतारी यंत्र विकायला आणले. तेव्हापासून धावपटूची नाडी प्रयोगशाळेतून रस्त्यावर आली.

कमाल नाडी काढण्याचे 220 वजा वय हे सूत्र सर्वांच्या तोंडी आहे. 1971 मध्ये फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांनी ते पुढे आणले. ते काही त्यासाठी केलेल्या स्वतंत्र प्रयोगातून निघालेले नव्हते, तर पूर्वी प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांची ती गोळाबेरीज होती. 2001 साली तानाका व सहकाऱ्यांनी 208 मधून वयाच्या सात दशांश वजा करण्याचे सूत्र सुचवले. साठीच्या माणसाला पहिले 160 सांगते, दुसरे 166. दोन्ही सरासरी आहेत, आणि व्यक्तिगणिक दहाबारा ठोक्यांचा फरक ही नित्याची गोष्ट असल्याने, सूत्राचा आकडा हुकूम मानून त्यावर महिनोन्‌महिने धावणे मला अनुचित वाटते. चाळिशी उलटलेल्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी. आणि रक्तदाबासाठी ज्यांना बीटा-ब्लॉकर चालू आहे, त्यांच्या नाडीला औषधाचाच लगाम असल्यामुळे ही दोन्ही सूत्रे त्यांनी बाजूला ठेवावीत.

या साऱ्या विद्येतला कठीण भाग गणिताचा नाही, मनाचा आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्याबाहेर पहाटे साडेचार वाजता मी ज्यांच्यासोबत धावतो, त्यांत साठीच्या पुढचे एक निवृत्त कारकून आहेत. बाटलीतले पाणी दोन बोटांवर घेऊन ते छातीच्या पट्ट्याच्या आतली रबरी पट्टी ओली करतात, कारण कोरड्या कातडीवर तिला ठोके नीट लागत नाहीत. मग पट्टा बांधून, घड्याळावर आकडा स्थिर होईपर्यंत, ते मुकाट्याने उभे राहतात. “एकशे तीसच्या वर जायचं नाही हो आज,” एवढेच ते म्हणतात, आणि निघतात. तरुण मुले हसतखेळत पुढे निघून जातात, एका वळणावर चालणाऱ्या बायकाही जवळजवळ बरोबरीने येतात, आणि हे गृहस्थ कॅडेल रोडच्या दिव्यांखालून संथपणे, शेजाऱ्याशी पुरी वाक्ये बोलत, पुढे जात राहतात. मंडळी ज्याला ‘झोन टू’ म्हणतात तो नाडीचा टप्पा हाच. यातच स्नायूंभोवती सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींमधल्या तंतुकणिका वाढतात, आणि चरबी जाळण्याची ताकद येते. आठवड्याच्या धावण्यातला मोठा भाग असाच असावा. कारण जो रोज मध्यम जोराने धावतो, त्याला संथ धावण्याचा लाभ मिळत नाही आणि जोराच्या दिवशी जोरही करता येत नाही. पहिले सहाआठ आठवडे यात वेग इतका कमी पडतो की लाज वाटते. ती मीही सोसली आहे, आणि तीन महिन्यांनी त्याच 135 ठोक्यांत किलोमीटर पाऊण मिनिट लवकर सरू लागला, त्या सकाळचा आनंद मला कोणत्याही पदकाहून मोलाचा वाटतो.

यंत्राची साक्षही मात्र तपासून घ्यावी लागते. मनगटावरचे घड्याळ हिरवा प्रकाश टाकून रक्ताचे हेलकावे मोजते, आणि ते सैल असले तर नाडीऐवजी पावलांची लय धरून बसते. संथ धावत असता एकाएकी 168 दिसू लागले, तर पावले मोजून पाहावीत. शिवाय नाडी उशिरा बोलते. चढ सुरू झाल्यावर अर्धाएक मिनिट ती मागेच रेंगाळते, म्हणून चढावर श्वासाचे ऐकावे. आणि तासाभरानंतर, वेग तोच असूनही, ठोके दहा-पंधरांनी आपोआप वर सरकतात. घामाने रक्तातले पाणी उतरते, अंग थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळते, प्रत्येक ठोक्यात लोटले जाणारे रक्त कमी होते, आणि हृदयाला ती तूट संख्येने भरून काढावी लागते. मुंबईच्या दमट हवेत हे सरकणे लवकर सुरू होते.

म्हणून शर्यतीच्या दिवशी मी नाडीला पहिल्या अर्ध्या भागापुरते सर्वाधिकार देतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी गर्दीत उभे असतानाच ती उत्साहाने पाचदहा ठोके वर असते, तेव्हा पहिले दोन किलोमीटर आकड्याकडे न पाहता मुद्दाम आखडून धावावे; मग मरीन ड्राइव्हपासून सागरी सेतू उतरेपर्यंत कमाल नाडीच्या 80 टक्क्यांच्या आसपास एक मर्यादा ठरवून ती ओलांडू नये, मग शेजारचा कितीही पुढे जावो. पेडर रोडच्या पहिल्या चढावर वेग पडू द्यावा आणि नाडी राखावी. माहीमवरून परत फिरल्यावर मात्र मर्यादा हळूहळू सैल करावी, कारण आता वर सरकणारे ठोके उधळपट्टीचे नसून उन्हाचे आणि घामाचे आहेत, आणि त्यांच्यामागे वेग कमी करीत गेले तर माणूस विनाकारण चालू लागेल. छातीत दुखले, चक्कर आली किंवा ठोके अनियमित लागले, तर मात्र तेथेच थांबावे आणि जवळच्या वैद्यकीय पथकाला गाठावे; तेथे शर्यतीचा प्रश्न संपतो.

गेल्या खेपेस हाजीअली ओलांडताना माझ्या घड्याळात 158 होते, चढाच्या मध्यावर 166. मी पावले आखूड केली, दंड जवळ घेतले, आणि ज्या दुभाजकाला एकेकाळी हात टेकले होते त्याच्या कडेकडेने धावत राहिलो. केम्प्स कॉर्नरला उतार लागला तेव्हा मनगटाकडे पाहिले. आकडा 161 वर आला होता आणि पायांत अजून पाच किलोमीटरांचे इंधन होते.