नव्या पितळेस जुनें रूप

पिढ्यान्‌पिढ्या घरांत असलेल्या शिसवी पेटीची एखादी कडी तुटते, बाजारांतून नवी आणून बसवितात, आणि ती म्हाताऱ्याच्या मुखांतील सोन्याच्या दातासारखी डोळ्यांत भरूं लागते. अशा वेळीं पुष्कळ घरांत उलटाच उपाय होतो. नवीशीं जुळाव्या म्हणून जुन्या कड्याच चिंच लावून घासल्या जातात. आमच्या घरींहि एकदां हेंच झालें. आजीच्या हातानें मऊ झालेली कडी व तिच्याभोंवतालची वेलबुट्टीची पट्टी एका दुपारीं लखलखीत झाली. पण वेलबुट्टीला उठाव देणाऱ्या काळ्या रेघा गेल्या, आणि चिंचेचें पाणी लाकडांत मुरून कायमचा डाग पडला. देवघरांतील समई लखलखीत असावी हें खरें. लाकडावर जडविलेल्या पितळेस मात्र तो नियम लागू नाहीं. जुन्यास नवें करण्यापेक्षां नव्यास जुन्याच्या पंगतीस बसविणें, हाच येथें योग्य मार्ग होय.

पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचें मिश्रण. त्यांत तांबें बहुधा शेंकडा ६० ते ७० असतें. हवेंतील ओलावा, गंधकयुक्त वायु आणि हाताचा घाम यांच्यामुळें त्यावर तपकिरी, काळसर थर चढतो. वर्षांचें हें काम थोड्या तासांत करून घेतां येतें. परंतु क्रम चुकूं नये.

प्रथम वस्तु खरोखर पितळेची आहे कीं नाहीं तें पाहावें. लोहचुंबक चिकटल्यास आंत लोखंड आहे. न चिकटल्यास मागील बाजूस बारीक ओरखडा काढावा, आणि आंत करडा धातु दिसल्यास वरचा नुसता मुलामा समजावा. अशा वस्तूवर हा प्रयोग करूं नये. पितळ उघडें पडण्याऐवजीं भलतेंच कांहीं उघडें पडावयाचें!

चकाकी टिकावी म्हणून कारखान्यांत वस्तूंवर बहुधा पारदर्शक रोगण दिलेलें असतें. तें असेपर्यंत पितळेस रंग धरत नाहीं. नखांचा रंग काढण्याचें ॲसिटोन किंवा थिनर यांनीं तें पुसून काढावें. खिडक्या उघड्या व विस्तव दूर असावा. मग साबणानें धुवून पाहावें. पाणी थेंब थेंब न राहतां सर्वत्र सारखें पसरलें, म्हणजे रोगण गेलें.

आतां घट्ट झांकणाच्या कांचेच्या बरणींत तळाशीं अमोनियाच्या द्रवाची लहान वाटी ठेवावी आणि कडी दोऱ्यानें वर टांगावी. ती द्रवांत बुडूं नये. वाफेनें हळूहळू तपकिरी रंग चढतो. कांचेतून पाहत जावें, व रंग जुन्या कडीहून किंचित् गडद होतांच कडी काढून धुवावी. हें काम अंगणांत किंवा गच्चीवर, मुलांपासून दूर करावें. वाफ डोळ्यांस व छातीस बाधते. कपड्यांचें ब्लीच जवळहि आणूं नये. दोहोंच्या संयोगानें विषारी वायु होतो.

अमोनियाचा अतिरेक पितळेसहि मानवत नाहीं. इंग्रजी अमदानींत हिंदुस्थानांतील फौजेचीं पितळी काडतुसें पावसाळ्यांत आपोआप तडकत. तबेल्यांतील घोड्यांच्या मूत्रापासून निघणारा अमोनिया आणि घडवितांना ताण राहून गेलेलें पितळ, यांचा तो परिणाम असल्याचें १९२१ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. म्हणून ओतीव, जाड कडीवरच हा प्रयोग करावा. पातळ, ठोकून वाकविलेल्या वस्तूंचें रोगण तेवढें काढावें. दोन-तीन पावसाळ्यांत त्या आपणच मंदावतात. स्वयंपाकाच्या भांड्यांवर तर हा प्रयोग कदापि करूं नये.

कडी कोरडी झाल्यावर जेथें हात लागतो तो उंचवटा मऊ फडक्यानें व बारीक पुडीनें घासून उजळावा. खोलगट भाग काळाच राहूं द्यावा. सर्वत्र सारखा काळा रंग लगेच कृत्रिम दिसतो. शेवटीं मधमाशांच्या मेणाचा पातळ हात द्यावा.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. कडीच्या मागील बाजूस, सहज दिसणार नाहीं पण शोधल्यास सांपडेल अशा जागीं, ती बसविल्याचें वर्ष कोरून ठेवावें. नवी वस्तु जुनी म्हणून विकणें ही फसवणूक आहेच. पण आपल्याच नातवंडांनीं तिला पणजीची कडी समजावें, हेंहि बरें नव्हे. रंग आपण देऊं शकतों. हाताची झीज मात्र घरांतील माणसांनींच, रोज पेटी उघडून, द्यावयाची असते.