खेळ, धोका आणि अप्रमाद



१४ एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत जयंतीनिमित्त कबड्डी, धावणे, रस्सीखेच अशा स्पर्धा सुरू होतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु मैदान आखण्यापूर्वी "येथे कोणाला, कशामुळे इजा होईल?" हा प्रश्न फार थोडे आयोजक विचारतात. हातावर पोट असलेल्या घरात मुलाचा पाय मोडला, तर औषधपाण्याचा खर्च, पालकांची बुडालेली मजुरी आणि मुलाची बुडालेली शाळा असे तिहेरी नुकसान होते.

प्रथम दोन शब्द समजून घेऊ. ज्यामुळे इजा होऊ शकते ती वस्तू वा परिस्थिती म्हणजे धोका. इजा होण्याची शक्यता किती व झालीच तर ती किती गंभीर, या दोहोंचा मिळून अंदाज म्हणजे जोखीम. खडा हा धोका होय. तो मैदानाबाहेर असेल तर जोखीम कमी, मध्यरेषेजवळ असेल तर जास्त.

शक्यतेला १ ते ३ व गांभीर्याला १ ते ३ गुण देऊन गुणाकार करावा. पुरुषांच्या १३ बाय १० मीटरच्या कबड्डी मैदानात खडे राहिले, तर खरचटणे, मुरगळणे ठरलेलेच: ३ गुणिले २, म्हणजे ६. एप्रिलच्या भर दुपारी मुलांची शर्यत: ३ गुणिले ३, म्हणजे ९. अशी शर्यत घेऊच नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्यावरील समारंभात उष्माघाताने १४ जण दगावले. ते तर धावतही नव्हते!

उपायांचाही क्रम आहे. आधी कारणच काढावे: खडे वेचावेत, शर्यत सकाळी सातला घ्यावी. जे काढता येत नाही ते कमी करावे: सावली, पिण्याचे पाणी, वय व वजन पाहून जोड्या. दमा, फिट वा हृदयविकार आहे का, हे आधी विचारावे. शेवटी प्रथमोपचार पेटी व वाहन तयार ठेवावे. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व त्वरित रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये.

दुःख आहे, त्याला कारण आहे, ते दूर करता येते व त्याचा मार्ग आहे, ही तथागतांची शिकवण मैदानावरही लागू पडते. "काही होत नाही" म्हणणे हा प्रमाद. आधी पाहणे हा अप्रमाद.

जय भीम! नमो बुद्धाय!