इथे येऊन न गाणारे गवई

यंत्रमागांच्या खडखडाटात आणि माणकोली नाक्यावरच्या ट्रकच्या गर्दीत भिवंडीत पक्षी कोण ऐकणार? पण सप्टेंबर सरता सरता शहराबाहेरच्या बांधावर, बाभळीच्या जाळीपाशी थोडं थांबा. आतून 'चक्... चक्' येतं. दिसत काहीच नाही. हा ब्लिथचा वटवट्या. वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम, जन्म पूर्व युरोप ते सायबेरियाच्या पट्ट्यातला, आणि प्रवास बहुतेक रात्रीचा.

पुढे भात कापलं की धसकटांवर गप्पीदास येऊन बसतो, पडक्या कंपाउंडवर थिरथिरा शेपटी थरथरवतो, कामवारीच्या काठाने धोबी धावतात. शास्त्र या सगळ्यांना गाणारे पक्षी म्हणतं, पण हिवाळाभर त्यांचं खरं गाणं आपल्या वाट्याला क्वचितच येतं. गाणं असतं जोडीदारासाठी आणि घरट्याच्या हद्दीसाठी. दिवस लांबू लागले की नराच्या शरीरात संप्रेरकं वाढतात आणि गळा मोकळा होतो. हिवाळ्यात ती ओसरलेली असतात. 'चक् चक्' ही निव्वळ दटावणी: हे झुडूप माझं, इथले किडे माझे.

ही मालकी हे पाहुणे मनावर घेतात. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी पायात ओळखीची कडी घातलेला एक करडा धोबी मुंबईतल्या त्याच छोट्या हिरवळीवर वर्षानुवर्षं परतत राहिला होता. म्हणूनच गोदामासाठी एखाद्या शेतात भराव पडतो तेव्हा 'पक्षी जातील दुसरीकडे' हे म्हणणं मला पटत नाही. दुसरीकडच्या झुडपावर आधीच कुणीतरी 'चक् चक्' करत असतं.

मार्च-एप्रिलमध्ये निघण्याआधी वटवट्या थोडा गुणगुणतो. मैफल मात्र तिकडे, उत्तरेत.

आपल्याकडे येऊन मनसोक्त ओरडतो तो नवरंग. थंडीत दक्षिण भारत-श्रीलंकेत राहिलेला हा पक्षी मे-जूनमध्ये पावसाच्या तोंडावर वर सरकतो आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीमागच्या तुंगारेश्वरच्या जंगलात घरटं करतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ लांबवर जाते. ती ऐकायची तर पहिल्या सरीनंतर उजाडायच्या आत तिकडे पोचायला हवं. उन्हं वर आली की तो पालापाचोळ्यात किडे शोधत गप्प हिंडतो. गंमत अशी, की पक्षिशास्त्राच्या काटेकोर वर्गवारीत नवरंग गाणाऱ्या पक्ष्यांत बसतच नाही. त्याच्या कंठाची रचना निराळी, जुन्या घडणीची.