‘मानापमान’ पुन्हा रंगमंचावर

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणले. गरीब म्हणून सेनापती धैर्यधराचा अपमान करणारी श्रीमंत भामिनी वनमालेच्या वेषात त्याच्या छावणीत जाते आणि त्याच्याच प्रेमात पडते. लक्ष्मीधर हा पैशाचा डौल मिरवणारा भित्रा वर तिला नको असतो. एवढेच कथानक, पण मान दुखावल्यावर प्रेम कसे आडून बोलते, हे खाडिलकरांनी त्यातून नेमके टिपले आहे.

नाटकाचे खरे बळ चालींत आहे. त्याआधीच्या ‘सौभद्र’ या नाटकाच्या काळातली पदे साकी, दिंडी, कीर्तनी चाली यांवर उभी होती. ‘मानापमान’च्या चाली पेटीवादक गोविंदराव टेंबे यांनी बांधल्या आणि त्यांत ठुमरीचे पूरब अंग आणले. पदात आलापाला, तानेला जागा झाली. भामिनी झालेल्या बालगंधर्वांनी त्या जागा अशा भरल्या, की पुढच्या प्रत्येक गायकापुढे तोच मापदंड राहिला. मास्टर दीनानाथांनी मात्र बळवंत संगीत मंडळीत धैर्यधर रंगवताना आपली वेगळी, झेपावणारी गायकी उभी केली. एकाच नाटकाची पदे दोन वेगळ्या वळणांनी गाता येतात, हे प्रेक्षकांनी तेव्हाच अनुभवले.

या नाटकाचा सर्वांत गाजलेला पुनःप्रयोग ८ जुलै १९२१चा. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या प्रतिस्पर्धी संस्था टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. तिकिटाचा सर्वांत वरचा दर १०० रुपयांवर गेला होता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबरला केशवरावांचे निधन झाले. ती जोडी पुन्हा जमणारच नव्हती.

नाटकाच्या शताब्दीच्या सुमारास निपुण धर्माधिकारी यांच्या दिग्दर्शनाखाली राहुल देशपांडे धैर्यधर झाले. जानेवारी २०२५ मध्ये सुबोध भावे यांचा, याच नाटकावर बेतलेला चित्रपट आला. रंगमंचावरच्या पुनरुज्जीवनातला अवघड भाग कात्रीचा असतो. मूळ नाटक रात्रभर चाले, त्यात पन्नासच्या आसपास पदे. आजचा प्रयोग तीन तासांत संपवावा लागतो. पद गाळले की प्रसंगाचा सांधा निखळतो, ठेवले की गती मंदावते. संवाद छाटावेत, पण कथेला वळण देणारे पद अखंड ठेवावे, हीच वाट योग्य. नुसती गाणी लावून दाखवणे म्हणजे नाटकाची मैफल करणे होय.

असे प्रयोग मुख्यतः पुणे-मुंबईत होतात. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात ते यावेत, तर ऑर्गन, साथीदार, नेपथ्य आणि प्रवास यांचा खर्च आधी उभा राहतो. तरी इथली जमीन सुरांना परकी नाही. संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे आणि पेटी, तबला, टाळ गावोगावच्या भजनी मंडळांत वाजतात. सुरा-तालाची ओळख असलेला कान नाट्यपद सहज झेलतो. शासनाच्या हौशी नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांसाठी स्वतंत्र विभाग आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या हौशी मंडळींनी भजनी मंडळातल्या तयारीच्या गळ्यांना हाताशी धरून ‘मानापमान’चा एक अंक तरी बसवून पाहावा.