‘झपाटलेला’चा उत्तरभाग कसा जोखावा?

उत्तरभाग मूळ चित्रपटाइतका हसवतो का, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. ‘बॅक टू द फ्यूचर’च्या (१९८५) दुसऱ्या भागाने १९८९ मध्ये कालप्रवासाच्या आधारे मूळचेच प्रसंग वेगळ्या कोनातून दाखविले, त्यामुळे पहिला भागही अधिक रंगला. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला २’ला (२०१३) ही सोय नव्हती. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच निवर्तले होते. साहजिकच लक्ष्याच्या मुलाला नायक करावे लागले. तात्या विंचू तोच, दिलीप प्रभावळकरांचा आवाजही तोच, वर थ्रीडीची जोड. परंतु १९९३ मध्ये हशा पिकत असे तो बाहुल्यापेक्षा त्याला पाहून गाळण उडालेल्या लक्ष्यामुळे. थ्रीडीत बाहुला प्रेक्षकाच्या अंगावर येतो खरा. त्याला घाबरणारा लक्ष्या मात्र समोर नसतो.