पाण्याचा निळा जबाब

नोटेबद्दल शंका आली की बँकेत आम्ही ती अतिनील दिव्याखाली धरत असू. क्रमांकाची शाई चमकली की जीव भांड्यात पडे. पाण्याचीही अशीच झडती घेता येते, हे मला निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ओकेफेनोकी नावाची प्रचंड दलदल आहे. तिथून निघणाऱ्या सुवानी नदीचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. ही घाण नव्हे. कुजलेल्या पालापाचोळ्याचा तो अर्क. शास्त्रज्ञ त्याला 'ह्युमिक द्रव्ये' म्हणतात. या नदीतून वेगळी काढलेली द्रव्ये जगभरच्या प्रयोगशाळा तुलनेसाठी वापरतात. आपल्या नद्या-तलावांतही ही द्रव्ये असतात. पण थोडी असली, तर पाणी नितळच दिसते. डोळ्यांना दिसत नाही ते उजेडात आणायचे कसे?

सुमारे ३५० नॅनोमीटर लांबीच्या अतिनील लहरी पाण्यात सोडल्या, की ही द्रव्ये त्या शोषतात आणि सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळसर प्रकाश परत देतात. ठेव परत करताना बँकेने शुल्क कापून घ्यावे, तशी थोडी ऊर्जा मध्येच खर्ची पडते. या गुणाला 'फ्लुओरेसन्स' हे नाव जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये दिले. सांडपाण्याची खूण वेगळी असते. त्यातील प्रथिनांसारखी द्रव्ये २८० च्या आसपासच्या लहरी शोषून ३५० च्या आसपास उजळतात. म्हणजे पाण्यात पालापाचोळा मुरला आहे की गटार, याचा अंदाज काही मिनिटांत येतो.

याची उठाठेव कशासाठी? कारण १९७४ मध्ये योहानेस रूक यांनी रॉटरडॅमच्या पाण्यावरून दाखवून दिले, की क्लोरीन आणि ही निरुपद्रवी वाटणारी द्रव्ये एकत्र आली की क्लोरोफॉर्मसारखी घातक संयुगे तयार होतात. म्हणून कोणी क्लोरीनला रजा देऊ नये; कॉलऱ्यापासून आपल्याला वाचवणारा तोच आहे. उपाय आहे तो क्रम पाळण्यात. आधी तुरटीसारख्या द्रव्याने गाळ आणि ह्युमिक द्रव्ये शक्य तितकी खाली बसवायची, मगच क्लोरीन द्यायचे. किती द्रव्ये उरली, ते हा प्रकाश सांगतो.

अर्थात, यंत्राच्याही मर्यादा आहेत. पाणी फार गडद असेल, तर ते स्वतःचाच प्रकाश गिळते. तेव्हा नमुना पातळ करावा लागतो. शिवाय शिसे किंवा आर्सेनिक या दिव्याला दिसत नाही. नितळ दिसणे आणि निर्धोक असणे यांत अंतर आहे. पेला तोंडाला लावताना आपण ते मोजत नाही. आपल्यासाठी कोणीतरी ते रोज मोजायला हवे.