दीर्घकालीन आजार असलेल्या कुत्र्यांचा आहार

मूत्रपिंड, स्वादुपिंड, यकृत, हृदय, त्वचा, मूत्रमार्ग किंवा सांधे यांचे दीर्घकाळ टिकणारे विकार असलेल्या पाळीव कुत्र्यांसाठी अन्नाची निवड करणे, त्याचे प्रमाण ठरवणे आणि त्याच्या परिणामांवर लक्ष ठेवणे हा पशुवैद्यकातील आहारचिकित्सेचा विषय आहे. यांपैकी बरेच विकार पूर्णपणे बरे होत नाहीत. मात्र योग्य आहारामुळे त्यांची वाढ मंदावते व कुत्र्याचे उर्वरित आयुष्य सुसह्य होते. ‘आजारी कुत्र्याचे अन्न’ असे सर्व आजारांना लागू पडणारे एकच अन्न नसते. एका विकारात हितकर ठरणारा पदार्थ दुसऱ्या विकारात अपायकारक ठरू शकतो. म्हणून आहाराची निवड रोगनिदानानंतरच करावयाची असते.

पार्श्वभूमी

कुत्रा हा मांसाहारी गणातील प्राणी असला तरी माणसाच्या दीर्घ सहवासात तो पिष्टमय अन्न पचवू लागला आहे. पिष्ट पचवणारे अमायलेज हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात अधिक असतात, असे २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्यामुळे शिजवलेला भात किंवा भाकरी निरोगी कुत्र्याला पचते. केवळ त्यावर मात्र त्याचे संपूर्ण पोषण होत नाही.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील कोडोली आणि शेजारचे वारणानगर हा परिसर ऊस व दूध यांसाठी ओळखला जातो. अशा भागात घरच्या किंवा वस्तीवरच्या कुत्र्याला चतकोर भाकरी, दूध, उरलेला भात-आमटी आणि मटणाच्या जेवणानंतरची हाडे घालण्याची रीत आहे. काम करणाऱ्या तरुण कुत्र्याचे यावर बऱ्यापैकी निभते. परंतु कुत्रा म्हातारा झाला किंवा त्याला एखादा विकार जडला की हेच अन्न प्रत्येक घटकानुसार तपासून पाहावे लागते. मायेने घातलेले दूध किंवा हाड त्याच्या मूत्रपिंडावर भार टाकणारे असू शकते.

इतिहास

रोगानुसार आहार देण्याच्या आधुनिक पद्धतीची सुरुवात अमेरिकेतील पशुवैद्य मार्क मॉरिस यांच्या कार्यापासून मानली जाते. मॉरिस फ्रँक या दृष्टिहीन गृहस्थाच्या ‘बडी’ नावाच्या मार्गदर्शक कुत्र्याला मूत्रपिंडाचा विकार झाला असता, १९३९ च्या सुमारास मार्क मॉरिस यांनी त्याच्यासाठी प्रथिने व क्षार मर्यादित ठेवलेले अन्न तयार केले. १९४८ साली टोपेका येथील हिल पॅकिंग कंपनीने हे अन्न डबाबंद स्वरूपात बनवण्यास आरंभ केला. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तापमान, नाडी, श्वसन आणि वेदना यांच्या बरोबरीने पोषण हे प्रत्येक तपासणीत पाहावयाचे पाचवे अंग मानले आहे.

निवडीची तत्त्वे

आहार ठरवण्यापूर्वी रक्त व लघवीची तपासणी आणि आवश्यकतेनुसार सोनोग्राफी करून नेमका विकार व त्याची अवस्था निश्चित केली जाते. जास्त पाणी पिणे, जास्त लघवी होणे आणि वजन घटणे ही लक्षणे मूत्रपिंडाच्या विकारात जशी दिसतात तशीच मधुमेहातही दिसतात. या दोन्हींचा आहार मात्र वेगळा असतो. केवळ लक्षणांवरून अन्न बदलणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

दुसरी पायरी वजनाची. वजनकाट्याबरोबर शरीराची ठेवणही पाहिली जाते. बरगड्या हलक्या हाताने चाचपल्या असता सहज लागणे आणि वरून पाहता कंबर दिसणे, ही योग्य वजनाची खूण होय. विश्रांतीच्या अवस्थेत लागणाऱ्या ऊर्जेचा अंदाज पुढील रीतीने काढतात : किलोग्रॅममधील वजनाचा घन करावा, आलेल्या संख्येचे दोनदा वर्गमूळ काढावे आणि त्यास ७० ने गुणावे. २० किलो वजनाच्या कुत्र्यासाठी घन ८,०००, पहिले वर्गमूळ सुमारे ८९.४, दुसरे सुमारे ९.४६ आणि ऊर्जा सुमारे ६६० किलोकॅलरी येते. १० किलोच्या कुत्र्यासाठी हा आकडा सुमारे ३९० आहे. म्हणजे वजन दुप्पट झाले तरी अन्नाची गरज दुप्पट होत नाही. प्रत्यक्षात द्यावयाची ऊर्जा वय, हालचाल आणि आजार यांनुसार यापेक्षा कमी-जास्त केली जाते.

आजारानुसार आहार

मूत्रपिंडाचा जीर्ण विकार : मूत्रपिंडाची सुमारे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश कार्यक्षमता नष्ट होईपर्यंत हा विकार बाहेरून फारसा जाणवत नाही. ‘आयरिस’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने त्याच्या चार अवस्था ठरवल्या आहेत. आहारात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे फॉस्फरस कमी करणे. प्रथिने मर्यादित परंतु उत्तम प्रतीची असावी लागतात, मीठ कमी ठेवले जाते आणि माशाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांचा समावेश केला जातो. हाडे, दूध, पनीर आणि कलेजी यांत फॉस्फरस अधिक असतो. अशा आहाराने युरेमियाचे, म्हणजे रक्तात टाकाऊ द्रव्ये साचण्याचे, तीव्र प्रसंग लांबतात व आयुष्य वाढते, असे ३८ कुत्र्यांवरील २००२ सालच्या अमेरिकी अभ्यासात आढळले. प्रथिने मात्र पूर्ण बंद करू नयेत; तसे केल्यास स्नायू झिजतात. निव्वळ दूध-भाकरी हा मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी ‘हलका’ आहार नव्हे.

मधुमेह : कुत्र्यांना होणाऱ्या मधुमेहात बहुधा आयुष्यभर इन्शुलिन द्यावे लागते. येथे अन्नाच्या प्रकाराइतकेच वेळेला महत्त्व असते. साधारणपणे १२ तासांच्या अंतराने दोन जेवणे, दररोज तेच अन्न व तेवढेच प्रमाण आणि जेवणाच्या वेळी इन्शुलिन असा क्रम ठेवला जातो. तंतुमय घटक साखरेचा चढउतार कमी करण्यास मदत करतात. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळ या परिसरात घरोघरी असतो. मधुमेही कुत्र्याला तो, तसेच पेढे व बिस्किटे वर्ज्य आहेत. परंतु इन्शुलिननंतर साखर अचानक उतरून कुत्रा लडखडू लागला किंवा त्याला झटके येऊ लागले, तर गुळाचे वा साखरेचे दाट पाणी हिरड्यांवर चोळून त्याला त्वरित पशुवैद्याकडे नेतात. शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये. कुत्र्याने जेवण नाकारल्यास इन्शुलिन किती द्यावे, याची सूचना पशुवैद्याकडून आधीच घेऊन ठेवणे आवश्यक असते.

स्वादुपिंडदाह : या विकारात स्निग्ध पदार्थ कमी करणे हे मुख्य सूत्र आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारणतः ६ ते ७ टक्के असतो. साय, तूप, मटणाची चरबी आणि कोंबडीची कातडी यांत तो त्याहून कितीतरी जास्त असतो. सणावारी किंवा जत्रेच्या जेवणानंतर कुत्र्याला उलट्या व पोटदुखी होण्यामागे अनेकदा असे तेलकट अन्न असते. कातडी काढून उकडलेले कोंबडीचे मांस व मऊ भात हे अन्न अशा वेळी काही दिवस दिले जाते. तो कायमचा संपूर्ण आहार नव्हे.

यकृताचे विकार : यकृताच्या प्रत्येक रुग्णाची प्रथिने तोडावयाची नसतात. अमोनिया साचून मेंदूवर परिणाम होऊ लागल्यासच ती मर्यादित करतात; त्या वेळी मांसापेक्षा दुधातील व वनस्पतिज प्रथिने अधिक सोसतात. म्हणजे मूत्रपिंडाच्या रुग्णाला टाळावयाचे पनीर येथे उपयोगी पडू शकते. बेडलिंग्टन टेरियर, लॅब्राडोर, डॉबरमन आदी जातींत यकृतात तांबे साचण्याचा विकार आढळतो; अशा कुत्र्याला कलेजी देऊ नये.

हृदयविकार : हृदय कमकुवत झाल्याची लक्षणे दिसू लागल्यावर मीठ कमी करावे लागते. पापड, लोणचे, फरसाण, खारी आणि पाव हे मिठाचे छुपे साठे आहेत. स्नायू टिकवण्यासाठी पुरेशी प्रथिने मात्र हवीत. धान्यविरहित व कडधान्यबहुल आहार आणि हृदयाचे स्नायू पातळ होणारा विकार यांच्या संभाव्य संबंधाविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली सावधगिरीची सूचना दिली. हा कार्यकारणसंबंध अद्याप निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. तरीही ‘धान्य नाही’ एवढ्याच कारणाने महाग अन्न निवडण्यात लाभ दिसत नाही.

अन्नाची वावडी : सतत खाज, कानांचे वारंवार दुखणे किंवा जुनाट जुलाब यांमागे अन्नाचे वावडे असू शकते. कुत्र्यांत गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी व गहू ही वावड्याची नेहमीची कारणे आहेत. निदानासाठी किमान ८ आठवडे पूर्वी कधी न खाल्लेले एकच प्रथिन व एकच पिष्ट, उदाहरणार्थ मासा व बटाटा, दिले जाते. या काळात बिस्किटाचा एक तुकडा किंवा मांसाच्या चवीची गोळीदेखील चाचणी निष्फळ करू शकते. सुधारणा दिसल्यावर जुने अन्न पुन्हा देऊन निदानाची खातरजमा केली जाते.

मूतखडा : कुत्र्यांतील स्ट्रुव्हाइट खडे बहुधा मूत्रमार्गातील जंतुसंसर्गामुळे होतात, योग्य औषध व आहार यांनी ते विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे खडे आहाराने विरघळत नाहीत. खड्याचा प्रकार कोणताही असला तरी अन्नात पाणी मिसळून लघवी पातळ ठेवणे उपयुक्त असते.

स्थूलता व संधिवात : एकाच वेतातील जोड्या करून ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेली कुत्री सरासरीने सुमारे १.८ वर्षे अधिक जगली आणि त्यांच्यात सांध्यांचे विकार उशिरा उद्भवले. संधिवात असलेल्या जाड कुत्र्यासाठी वजन कमी करणे हा म्हणूनच उपचाराचा पाया असतो. अन्न डोळ्यांच्या अंदाजाने न घालता वजन करून घालावे. खाऊचा वाटा दिवसाच्या ऊर्जेच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा.

घरगुती व तयार आहार

विशिष्ट विकारांसाठी बनवलेले तयार उपचारात्मक अन्न पशुवैद्याच्या सल्ल्याने मिळते. त्यातील घटकांचे प्रमाण ठरलेले असते. किंमत मात्र पुष्कळ असल्याने दीर्घकाळ ते परवडणे अनेक कुटुंबांना कठीण जाते. घरगुती आहाराने हा खर्च काही अंशी कमी होतो आणि रुची गेलेला कुत्रा तो आवडीने खातो. परंतु ‘घरचे’ म्हणजे ‘संपूर्ण’ असा अर्थ होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ साली पुस्तके व संकेतस्थळे यांतील २०० पाककृती तपासल्या असता ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी आढळले.

घरगुती आहारातील सर्वांत नेहमीची उणीव कॅल्शियमची असते. मांसात फॉस्फरस भरपूर व कॅल्शियम अत्यल्प असल्याने केवळ मांस-भातावर वाढलेल्या कुत्र्याची हाडे ठिसूळ होतात. अंड्याच्या कवचाची बारीक पूड हा कॅल्शियमचा स्वस्त व जवळजवळ फॉस्फरसरहित स्रोत आहे. तिचे प्रमाण पशुवैद्याने ठरवावे लागते. जस्त, तांबे, आयोडिन आणि ड व ई जीवनसत्त्वे यांसाठीही पूरक मिश्रण घालावे लागते. पाककृती ठरल्यावर ‘मटण नव्हते म्हणून अंडी’ असे परस्पर बदल केल्यास तिचा हिशेब बिघडतो.

वर्ज्य पदार्थ

कांदा व लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्यांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटून रक्तक्षय होतो. शिजवल्याने वा वाळवल्याने हा दोष जात नाही. कोल्हापुरी तांबडा रस्सा, कांदा-लसूण चटणी घातलेली आमटी किंवा त्यात कुस्करलेली भाकरी या कारणाने निरोगी कुत्र्यालाही अयोग्य आहे. द्राक्षे व मनुका मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. चॉकलेट आणि झायलिटॉल हे कृत्रिम गोडीचे द्रव्यही विषारी आहे. शिजवलेल्या हाडांच्या धारदार कपच्या घसा व आतडी यांना इजा करतात. कुत्र्यासाठी काढावयाचे मांस किंवा भाजी फोडणीपूर्वीच बाजूला काढून ठेवणे हा सोपा उपाय आहे.

आहारबदल व देखरेख

नवे अन्न ७ ते १० दिवसांत, जुन्यात थोडे थोडे मिसळत सुरू केले जाते. मळमळ किंवा उलट्या चालू असताना नवे अन्न दिल्यास कुत्र्याच्या मनात त्याविषयी कायमची नावड बसू शकते. म्हणून आधी मळमळीवर उपचार करतात. अन्न किंचित कोमट केल्याने त्याचा वास वाढतो व कुत्रा खाण्यास प्रवृत्त होतो. वजन, खाल्लेले अन्न, प्यायलेले पाणी, उलट्या व शौच यांची वहीत नोंद ठेवल्यास पशुवैद्याला आहारातील बदल ठरवणे सोपे जाते. घरातील सर्वांना, विशेषतः लहान मुले व वृद्ध यांना, पथ्य समजावून सांगणे आवश्यक असते. एकाने पाळलेले पथ्य दुसऱ्याने लाडाने दिलेल्या घासाने मोडते.

दोन विकार एकत्र असल्यास आधी कोणत्या विकाराचे पथ्य पाळावे, हे ठरवावे लागते. दुग्धव्यवसायाच्या ग्रामीण भागात पशुवैद्यकीय सेवेचा भर साहजिकच गाई-म्हशींवर असतो. स्थानिक पशुवैद्याच्या सल्ल्याने गुंतागुंतीचे रुग्ण पशुवैद्यक महाविद्यालयांकडे नेता येतात. १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय आणि सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे पुणे-बंगळूर महामार्गालगत असलेले क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय ही दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत.

अखेरच्या अवस्थेतील आहार

विकार शेवटच्या टप्प्यात पोहोचल्यावर पथ्यापेक्षा कुत्र्याने काही तरी खाणे अधिक महत्त्वाचे ठरते. उत्तम परंतु न खाल्लेल्या आहाराचा उपयोग नसतो. अशा वेळी पशुवैद्याच्या संमतीने निर्बंध शिथिल करून आवडीचे, मात्र विषारी नसलेले अन्न थोडे थोडे दिले जाते. जबरदस्तीने भरवणे टाळावे. त्यामुळे अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अन्न व पाणी सातत्याने नाकारणे हे कुत्र्याच्या वेदना व जीवनमान यांचा नव्याने विचार करण्याचे एक लक्षण मानले जाते.